उकिरड्याचा पांग

‘बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो’ अशी म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. माणूस कितीही कमनशिबी असो, कधी ना कधी त्याचेही दिवस पालटतात, असा तिचा अर्थ. शहरांच्या कचऱ्याविषयी गेली वीस-पंचवीस वर्षे सभा-संमेलनांतून जी आशा बोलून दाखवली जाते, ती या म्हणीचीच आधुनिक आवृत्ती म्हटली पाहिजे. कचऱ्याच्या टेकडीच्या पोटात वायू तयार होतो. तो वायू जळतो. त्यावर इंजिन चालते आणि इंजिनावर वीज तयार होते. ज्या टेकडीकडे नाकाला रुमाल लावून पाहायचे, तीच लक्ष्मी निघाली! यात खोटे काही नाही. शास्त्र खरे आहे, यंत्रे खरी आहेत, जगात अशी वीज खरोखर तयार होते. तरीही असा प्रस्ताव एखाद्या गावापुढे आला, तर ठरावावर सह्या करण्यापूर्वी त्या गावाने काही प्रश्न विचारले पाहिजेत. ते कोणते, याचा हा ऊहापोह.

माझे गाव केडगाव. नगरजवळचे नव्हे, दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे ते दूरदूरच्या लोकांना माहीत आहे, गुळाच्या बाजारामुळे शेतकऱ्यांना आणि बेटातल्या नारायण महाराजांमुळे भाविकांना. शहराने टाकलेले काय असते, हे आमच्या पट्ट्याला शिकवावे लागत नाही. पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन येणारी मुळा-मुठा आमच्या उत्तरेकडून वाहत पुढे भीमेला मिळते. तिच्या काठच्या गावांना पावसाळा सोडला तर पाण्याचा रंग आणि वास यांवरून शहराची खुशाली कळते.

मागे गावी गेलो असता एका पुतण्याने विचारले, “काका, शहरात कचरा ठेवायला जागा न्हाई म्हनत्यात. आपल्याकडं माळ पडलाय. त्यातून गॅस काढून वीज केली, तर रातचं दारं धरायला जायाची पाळी तरी टळंल.” त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. शेतीपंपाची वीज अजूनही अनेक फिडरवर काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. दौंड-शिरूरच्या उसात बिबट्यांचा वावर वाढला आहे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाच्या सरीत उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘वीज’ हा शब्द कसा ऐकू येतो, ते शहरात बसून कळणार नाही. त्याच्यापुढे कोणी कचऱ्याच्या बदल्यात वीज धरली, तर त्याचा हात पुढे जाणारच. म्हणून तर हिशेब नीट मांडला पाहिजे. आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. ती सवय कादंबऱ्या लिहूनही सुटलेली नाही.

वायू येतो कोठून?

गोबर गॅस ज्याने पाहिला आहे, त्याला यातले निम्मे शास्त्र आधीच ठाऊक आहे. कोणताही सेंद्रिय पदार्थ (शेण, उरलेली भाकरी, भाजीचे देठ, पालापाचोळा) हवा मिळाली तर कुजून खत होतो. हवा तोडली तर निराळ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. आधी आम्ले तयार होतात आणि शेवटी मिथेन व कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण बाहेर पडते. दलदलीतून सुटणारा हा जळणारा वायू इटलीच्या व्होल्टाने १७७६ साली मॅजिओरे सरोवराच्या काठी गोळा केला होता. आपल्याकडेही हे प्रकरण वाटते त्याहून जुने आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावले गेले, आणि पुढे त्याच वायूवर इंजिनही चालवले गेले. मिशनच्या निमित्ताने केडगावचे नाव सर्वदूर होत होते, साधारण त्याच काळातली ही गोष्ट.

शहराच्या कचऱ्याची टेकडी म्हणजे एक अवाढव्य, कोणी न बांधलेला गोबर गॅस. आपल्या शहरी कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. तो थरावर थर टाकून दाबला की आतली हवा संपते आणि काही महिन्यांत मिथेन सुटू लागतो. तो पकडायचा तर टेकडीवर मातीचे आणि प्लास्टिकच्या जाड पडद्याचे आच्छादन घालावे लागते. विंधन विहिरीसारखी भोके पाडून त्यांत भोकांचे पाइप सोडायचे, पंख्याने वायू ओढून घ्यायचा, त्यातले पाणी आणि गंधकाचा अंश काढायचा आणि मग तो एक तर ज्योतीवर जाळून टाकायचा किंवा इंजिनाला द्यायचा. या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो.

एक खुलासा येथेच केलेला बरा. ‘कचऱ्यापासून वीज’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात. कोरडा कचरा भट्टीत जाळून वाफेवर वीज करणे ही एक. ओला कचरा कुजवून त्याच्या वायूवर वीज करणे ही दुसरी. पहिलीची चर्चा स्वतंत्रपणे व्हायला हवी. हा लेख दुसरीबद्दल आहे.

वायू न पकडला तर काय होते? तो हवेत जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. उपग्रहांच्या साहाय्याने जगातल्या कोणत्या शहरांच्या कचराभूमी मिथेन ओकताहेत, याचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्युनॉस आयर्स, दिल्ली आणि लाहोर यांच्या पंक्तीला आपली मुंबई होती. दुसरा धोका जवळचा आहे. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की ठिणगीची वाट पाहणारे मिश्रण तयार होते. मुंबईत देवनारला १९२७पासून कचरा पडत आला आहे. तेथे जानेवारी २०१६ च्या अखेरीस आग लागली, तेव्हा तिचा धूर अवकाशातून टिपलेल्या छायाचित्रांत दिसला आणि शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा जुन्या टेकड्यांतला वायू काढून घेणे हे पुण्याचे काम आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो पुढचा: या वायूच्या भरवशावर नवी टेकडी रचावी काय?

गोबर गॅसचे कर्जखाते

केंद्र सरकारने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास कार्यक्रम सुरू केला. मी नोकरीला लागलो तेव्हा ग्रामीण शाखांना गोबर गॅसच्या कर्जांची उद्दिष्टे येऊ लागली होती. अनुदान सरकारचे, कर्ज बँकेचे, खड्डा शेतकऱ्याचा. मार्चअखेर आकडे पुरे झाले की सगळे खूष. पण कर्ज दिल्यानंतर पाहणीला जाणे हा माझ्या कामाचा भाग होता आणि मोटारसायकलवरून केलेल्या त्या फेऱ्यांत जे शिकायला मिळाले, ते कोणत्याही परिपत्रकात नव्हते.

चालू असलेली संयंत्रे आणि बंद पडलेली संयंत्रे यांच्या बांधकामात सहसा फरक नसे. फरक असे तो माणसांत आणि गोठ्यात. जेथे पाच-सहा जनावरे दावणीला होती, गोठा जवळ होता, आणि घरातली बाई रोज सकाळी शेण-पाणी कालवून टाकीत सोडत होती, तेथे निळी ज्योत पेटत होती. जेथे दुष्काळात बैल विकले गेले, थोरल्या-धाकट्याच्या वाटण्या झाल्या, किंवा शेणाबरोबर वैरणीची काडी आणि माती आत जाऊन टाकी तुंबली, तेथे लोखंडी पिंप गंजत उभे होते. एका म्हातारीने मला फार नेमके सांगितले होते: “साहेब, ह्ये यंत्र न्हवं, जनावर हाय. याला रोजच्या रोज वैरण लागती, आन तीबी निवडल्याली.”

कचऱ्यातून वीज करण्याच्या सगळ्या प्रकल्पांचे भवितव्य या वाक्यात आले. कचराभूमीच्या पोटात आपण काय घालतो? भाजीच्या देठाबरोबर रेक्झिनची चप्पल, बांधकामाचा राडारोडा, बॅटरीचे सेल, औषधांच्या बाटल्या, आणि सगळ्यांना गुंडाळणारी प्लास्टिकची पिशवी. निवडलेली वैरण नव्हे, हाताला येईल ते. तरी वायू निघतो, हे त्या जिवाणूंचे मोठेपण. पण किती निघेल, किती वर्षे निघेल, याचा भरवसा मग कोणी द्यायचा?

प्रस्ताव टेबलावर आला तर

कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही तीन गोष्टी आधी पाहत असू. कच्चा माल कोठून येणार, उत्पन्न किती काळ टिकणार आणि कर्जदाराचे स्वतःचे पैसे किती. याच फूटपट्ट्या येथे लावून पाहू.

कच्च्या मालाचा प्रश्न वरवर सोपा दिसतो. एकट्या पुणे शहरातून रोज दोन हजार टनांच्या पुढे कचरा निघतो. माल तर भरपूर! पण येथे कायदा आडवा येतो. सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्यानंतर २००० साली शहरी घनकचऱ्याचे नियम आले आणि ८ एप्रिल २०१६ रोजी त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. दोन्हींचा रोख एकच: कुजणारा कचरा जमिनीत पुरायचा नाही. कचराभूमीत जावे ते फक्त असे, ज्याचा पुनर्वापर होत नाही, जे कुजत नाही आणि जे दुसऱ्या कशालाच उपयोगी पडत नाही. आता गंमत पाहा. नियम पाळले तर कचराभूमीत ओला कचरा जाणार नाही आणि ओला कचरा गेला नाही तर वायू होणार नाही. म्हणजे नव्या कचराभूमीवर वीज करण्याचा प्रस्ताव हा कायदा मोडला जाईल याच भरवशावर उत्पन्न दाखवणारा प्रस्ताव आहे. असला कागद माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो दुसऱ्या पानापर्यंत वाचलाही नसता.

दुसरी गोष्ट उत्पन्नाच्या टिकाऊपणाची. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ प्युएन्टे हिल्स ही प्रचंड कचराभूमी आहे. ती २०१३ मध्ये बंद झाली. भरभराटीच्या काळात तिच्या वायूवर ५० मेगावॉटच्या आसपास वीज होत असे. प्रस्तावांच्या पहिल्या पानावर सहसा तिचेच चित्र असते. पण तेथे तळाशी अस्तर होते, दर दिवशीच्या कचऱ्यावर त्याच दिवशी माती पडत होती आणि वायूच्या विहिरी टेकडीबरोबरच वाढत गेल्या होत्या. शिवाय त्या कोरड्या मुलखात कागद-लाकडाचे प्रमाण मोठे, म्हणून वायू दशकानुदशके पुरतो. आपला कचरा ओला, हवा उष्ण आणि वर चार महिने पाऊस. त्यामुळे आपला वायू लवकर सुटतो आणि लवकर ओसरतो. पावसात विहिरींत पाणी भरते. उन्हाळ्यात आच्छादनाला भेगा पडून त्यांतून हवा आत शिरते. म्हणीतली बारा वर्षे उलटेपर्यंत आपल्या उकिरड्याची पुष्कळशी जमा संपत आलेली असते.

आपल्याकडचा अनुभव काय सांगतो? मुंबईत बोरिवलीजवळच्या गोराई येथे १९७२ पासून कचरा पडत होता; सुमारे वीस हेक्टरांवर वीस लाख टनांहून अधिक साठला होता. २००७-०८च्या सुमारास महापालिकेने ती जागा शास्त्रीय पद्धतीने बंद केली, वर आच्छादन घातले, वायू गोळा करून जाळण्याची व्यवस्था केली. काम चांगले होते. खाडीकाठच्या लोकांचा श्वास मोकळा झाला. या वायूच्या बदल्यात ‘कार्बन क्रेडिट’ विकून पैसे येतील, या हिशेबावर आशियाई विकास बँकेने काही रक्कम आगाऊही दिली. पण २००८ मध्ये युरोपच्या बाजारात वीस युरोंच्या आसपास असलेले हे क्रेडिट २०१२ संपता संपता एका युरोच्याही खाली घसरले. तारण म्हणून ठेवलेले सोने पितळ निघावे, तसा हा प्रकार. गोराईचे काम आवश्यक होते म्हणून ते योग्यच ठरते. पण कमाईसाठी ते केले असते, तर खाते बुडीतच गेले असते. कांजूरमार्गला महापालिकेने पुढची पायरी गाठली. तेथे कचऱ्यातून निथळणारे पाणी पुन्हा कचऱ्यावर फिरवून कुजण्याचा वेग वाढवतात आणि निघणाऱ्या वायूवर वीज करण्याची सोय केली आहे. तंत्र आधुनिक आहे. तरी विक्रोळी-कांजूरचे रहिवासी वर्षानुवर्षे दुर्गंधीच्या तक्रारी करत आले आहेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बँकेत तिला ‘मार्जिन’ म्हणतात. कर्जदाराने आपल्या खिशातले काही घातल्याशिवाय बँक आपले घालत नाही. कारण ज्याचे काही बुडणार नाही, तो धंदा नीट करणार नाही. कचराभूमीच्या प्रस्तावात हे मार्जिन कोण घालतो? शहर कचरा देते, ठेकेदार यंत्र आणतो, सरकार अनुदान देते. गाव काय घालते? आपल्या विहिरी, आपली हवा, आपल्या जमिनीचा भाव आणि आपल्या पोरांची लग्ने. (हसू नका, कचरा डेपोच्या गावात मुलगी द्यायला लोक कां-कूं करतात, हे तिकडच्या लोकांच्या तोंडून ऐकलेले आहे.) नफ्यात वाटा नाममात्र आणि मार्जिन मात्र सगळे गावाचे.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी हे मार्जिन भरले. बाहेरच्या वाचकांचा नेहमी घोटाळा होतो, म्हणून सांगतो: गांधीजींच्या निसर्गोपचार आश्रमाची ती उरुळी कांचन, आमच्याच लोहमार्गावरची, आणि कचरा डेपोची ती हडपसरपुढची, सासवड रस्त्यावरची उरुळी देवाची. पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला पडत असे. शहर तेथवर पोहोचले, तेव्हा १९९० नंतर कचरा उरुळीकडे हलवला गेला. कोथरूडच्या जुन्या डेपोच्या जागी आज मेट्रोचा डेपो आहे. उरुळीच्या वाट्याला मात्र नासलेल्या विहिरी, पाण्याचे टँकर, माश्या आणि आगी आल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपो पेटल्यावर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या रोखल्या; तसे त्यांनी पूर्वीही केले होते. त्याच वर्षी ही गावे महापालिकेत घेतली गेली आणि २०२४ मध्ये फुरसुंगी-उरुळी देवाची अशी वेगळी नगर परिषद झाली. मधल्या काळात अमेरिकी तज्ज्ञांनी या टेकडीतल्या वायूचीही मोजदाद केली होती. टेकडीत वायू होता, हे खरेच. पण तीस वर्षे ज्यांनी तो हुंगला, त्यांच्या घरातला दिवा काही त्यावर लागला नाही.

त्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला

मग हा नाद सोडून द्यावा काय? मुळीच नाही. केडगावच्या फलाटावरून पश्चिमेला गाडी धरली तर पुणे लागते, पूर्वेला धरली तर सोलापूर. सोलापुरात तुळजापूर रस्त्याला २०१३ च्या सुमारास एक निराळा प्रकल्प उभा राहिला. तेथे कचरा पुरून वायूची वाट पाहायची नाही; आलेला कचरा निवडून, ओला भाग बंद टाकीत कुजवून त्याच्या वायूवर वीज करायची. क्षमता रोज ४०० टनांची आणि वीज ३ मेगावॉट. कागदावर हिशेब करून पाहा. तीन मेगावॉट चोवीस तास चालले तर दिवसाला ७२ हजार युनिट. त्याला ४०० टनांनी भागले, तर टनामागे १८० युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या दोन घरांनाही ती पुरी पडत नाही. म्हणजे पूर्ण क्षमतेने, एकही दिवस बंद न राहता चालवले, तरी टनभर कचरा जेमतेम पावणेदोन घरे महिनाभर उजळतो. कचऱ्याच्या विजेने तालुक्याचे शेतीपंप चालतील, असे कोणी सांगत असेल, तर त्याला हा भागाकार करायला सांगावा. माझ्या पुतण्याची रात्रपाळी सौर पंपाने किंवा दिवसाच्या फिडरने टळेल, कचऱ्याने नव्हे.

पण याच आकड्यांकडे गावाच्या मापाने पाहिले, तर चित्र बदलते. दहा हजार वस्तीचे गाव घेऊ आणि माणशी पाव किलो कचरा धरू. रोजचे अडीच टन झाले. त्यात निम्मा ओला म्हणजे सव्वा टन. टनभर निवडलेल्या ओल्या कचऱ्यातून साधारण शंभर घनमीटर वायू मिळू शकतो. लहान इंजिनाची कुवत कमी, म्हणून टनामागे शंभरच युनिट धरू. तरी रोज सव्वाशे युनिट झाले. चाळीस वॉटचा रस्त्यावरचा दिवा बारा तासांत अर्धे युनिट खातो. म्हणजे अडीचशे दिवे! गावाच्या रस्त्यांना आणखी काय हवे? शिवाय वीज करायचाच अट्टहास कशाला? इंजिनात निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. चुलीत वायू थेट जाळला तर त्याचे चीज होते. एक घनमीटर वायू म्हणजे जवळपास अर्धा किलोला थोडा कमी सिलिंडरचा गॅस. सव्वा टन ओल्या कचऱ्यात रोज चारएक सिलिंडर दडलेले आहेत. एखाद्या वसतिगृहाचे, शाळेच्या खिचडीचे, मंगल कार्यालयाचे भागून उरावे, इतके. आणि टाकीतून बाहेर पडते ते खत उसाला घालता येते, तो फायदा निराळा.

हे ज्ञान आपल्याला परदेशातून आणायला नको. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठी ‘निसर्गऋण’ संयंत्र विकसित केले. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने घरच्या खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र केले आणि त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्याहीपूर्वी आपल्याच जिल्ह्यात, देहूला, डॉ. सुहास मापुसकर यांनी अप्पासाहेब पटवर्धनांच्या प्रेरणेने घरोघरच्या संडासांना बायोगॅस जोडून दाखवला. मैल्याच्या वायूवर शिजवलेले अन्न खायला लोक आधी तयार नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षे दारोदार जाऊन ती अढी काढली. २०१५ मध्ये ते गेले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

अर्थात लहान ते सगळे यशस्वी, असेही नाही. पुणे महापालिकेने निरनिराळ्या भागांत पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प उभारले. काहींच्या विजेवर रस्त्यांवरचे दिवे लागले. काही मात्र रखडत राहिले, आणि त्याचे मुख्य कारण तेच, त्या म्हातारीचे: निवडलेली वैरण मिळेना. ओला-कोरडा वेगळा न करता आलेला कचरा हाताने निवडणारी माणसे शहराला कधी दिसत नाहीत. कागद-काच-पत्रा गोळा करणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ मध्ये झाली आणि २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ संस्थेशी महापालिकेने करार केला, तेव्हा कोठे या कामाला नाव मिळाले. कचऱ्याचा सगळा धंदा घराच्या उंबरठ्यावर, दोन बादल्यांत ठरतो. त्यापुढची यंत्रे ही केवळ त्या दोन बादल्यांची परीक्षा घेत असतात.

आपला जुना उकिरडा का नडला नाही, याचेही उत्तर यात आहे. तो चालू खात्यासारखा होता. रोज जमा होई, आणि दरसाल पावसाळ्याआधी गाडी भरून शेतात खर्ची पडे. त्यात शेण, राख आणि पालापाचोळा एवढेच जाई, आणि तो ज्याच्या दारात असे त्याचाच असे. कचरा डेपो हे बुडीत खाते आहे: फक्त जमा, उचल नाही, आणि खातेदार तीस-चाळीस कोसांवर राहणारा. बुडीत खात्यातून जी वसुली होईल ती करावी. जुन्या टेकड्यांतला वायू काढावा, जाळावा, जमल्यास त्याची वीजही करावी. पण वसुली चांगली होते म्हणून नवी बुडीत कर्जे वाटत सुटणाऱ्या शाखाधिकाऱ्याला कोणती बँक नोकरीवर ठेवील?

तेव्हा केडगाव असो की आणखी कोणते गाव, शहराच्या कचऱ्याचा प्रस्ताव आला तर उत्तर स्पष्ट असावे. शहराने आपला ओला कचरा आपल्या हद्दीत, आपल्या नाकासमोर जिरवावा. तेव्हाच तो नीट जिरेल. आणि गावाने आपला जिरवावा. त्याची सुरुवात करायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी एक आठवडा दोन आळ्यांतल्या घरांनी ओला कचरा वेगळा ठेवावा आणि तो रोज बाजारातल्या काट्यावर तोलून वहीत लिहावा. गुळाची ढेप तोलणारा काटा त्याने विटाळत नाही. सात दिवसांचे सात आकडे घेऊन सभेत उभे राहिले, म्हणजे किती मोठी टाकी हवी, किती वायू मिळेल आणि तो कोणाच्या चुलीला द्यायचा, यावर बोलता येईल. त्या वहीवर कर्ज मागायला कोणी बँकेत गेले, तर समोरचा अधिकारी निदान दुसरे पान उलटेल, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.